विहिरीतलं मडकं आणि बाळाची वाटी

आम्ही बेसा गावच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. आमच्या बैठकीत हप्ता, कर्ज, व्याज एवढं आटोपलं की गोष्टी निघतात त्या घरच्या, आणि घरच्या गोष्टी निघाल्या की पाणी निघतंच. आज पाण्याबद्दलच बोलायचं आहे, पण तान्ह्या बाळाच्या पाण्याबद्दल. मागच्या दीडशे वर्षांत ते पाणी कसं बदललं, आणि प्रत्येक बदलात बाळाची आई कुठे उभी होती, ते सांगतो.

"तो काही आता बोळ्यानं दूध पीत नाही," असं आपण सहज म्हणतो. बोळा मात्र आपल्यापैकी फार थोड्या जणींनी पाहिलाय. आई बाळंतपणात गेली, किंवा तिला दूधच आलं नाही, तर गाईचं नाहीतर शेळीचं दूध पाणी घालून पातळ करायचे. त्यात कापडाचा बोळा भिजवून तो लेकराला चोखायला द्यायचे. ऐपत असलेल्या घरी बोंडलं असायचं, म्हणजे चोच असलेलं लहानसं भांडं. ज्यांना आईचं दूध भरपूर होतं, त्या बाळांनाही पाणी चुकत नव्हतं. मुरडशेंग, हळकुंड, वेखंड, जायफळ सहाणेवर उगाळून घुटी द्यायची, ती पाण्यातच. उन्हाळ्यात घसा सुकतो म्हणून वरून दोन चमचे पाणी. म्हणजे गावची विहीर पहिल्याच आठवड्यात बाळाच्या तोंडात जायची.

आणि कुठली विहीर, हे जातीवर ठरायचं. जोतिबा फुल्यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. हे आपण माणुसकीच्या हक्काची गोष्ट म्हणून वाचतो, ते बरोबरच आहे. पण चुलीजवळून पाहिलं तर त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्या बाईला बांधलेल्या विहिरीवर चढू देत नव्हते, ती नदीच्या पात्रात झिरा उकरून नाहीतर डबक्यातून पाणी आणायची. तिच्या बाळाची घुटीही त्याच पाण्यात उगाळली जायची. तिची लेकरं जास्त दगावली असतील, तर तो तिच्या नशिबाचा भाग नव्हता.

पाणी आजार आणतं हे जगालाच उशिरा कळलं. १८५४ साली लंडनमध्ये ब्रॉड स्ट्रीट नावाच्या एका रस्त्याच्या आसपास पटकी पसरली आणि सहाशेहून जास्त माणसं मेली. जॉन स्नो या डॉक्टरने दाखवून दिलं की सगळे एकाच पंपाचं पाणी पीत होते. त्या पंपाजवळच्या घरात एक तान्हं बाळ हगवणीने आजारी होतं. त्याचे दुपटे धुतलेलं पाणी आई घरातल्या संडासाच्या खड्ड्यात टाकत होती आणि तो खड्डा पंपाच्या विहिरीत पाझरत होता. ही गोष्ट आम्ही गटात सांगितली तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. लहान बाळाची शी म्हणजे काही घाण नाही, असं आपल्याकडेही म्हणतातच ना? पुढे १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्यात एका तळ्याच्या पाण्यात पटकीचा जंतू सापडला. तोवर आपल्याकडे पटकी म्हणजे देवीचा कोप, मरीआईचा गाडा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात आपल्या मध्य प्रांतात भुकेच्या मागोमाग पटकीही आली होती.

पण कळत नव्हतं तेव्हा बाया काहीच करत नव्हत्या, असं समजू नका. पाणी फडक्यातून गाळून घेणं आपल्या घराघरात होतं. गढूळ पाण्यात तुरटी फिरवणं होतं, निवळीची बी उगाळून घालणं होतं. गाळण्याला पुष्कळ शहाणी माणसं हसली. मग २००३ साली रिटा कोलवेल या शास्त्रज्ञ बाईंचा बांगलादेशातला अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या खेड्यांत बायांनी जुनी सुती साडी घडी घालून, घागरीच्या तोंडावर बांधून पाणी गाळलं, तर पटकी जवळजवळ निम्म्याने कमी झाली. पटकीचा जंतू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून राहतो आणि साडीत ते जीव अडकतात. साडी मात्र जुनीच हवी, कारण धुऊन धुऊन सूत फुगतं आणि छिद्रं बारीक होतात. म्हणून गाळणं वाया नाही. पण गाळलेलं पाणी शुद्ध झालं असंही नाही, कारण सुटे जंतू फडक्यातून पार जातात. निम्मी पटकी थांबली म्हणजे निम्मी थांबली नाही, हेही लक्षात ठेवायचं.

नागपूर शहरात अंबाझरी तलावाचं पाणी नळाने आलं ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या तीस वर्षांत. आमचं गाव शहराच्या एवढं जवळ, पण गावाला विहिरीच राहिल्या. आणि नळ आला म्हणजे भीती गेली असंही नव्हतं. १९५५-५६ च्या हिवाळ्यात खुद्द दिल्लीत यमुनेतून घेतलेल्या पिण्याच्या पाण्यात सांडपाणी शिरलं आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. त्यात गरोदर बायांना ती जास्त जीवघेणी ठरली. पुढे कळलं की ही हेपॅटायटिस ई नावाची, पाण्यातून येणारी कावीळ. बाळ पोटात असतानाच आईच्या ग्लासातलं पाणी त्याच्यापर्यंत पोचतं, याचा एवढा मोठा पुरावा आपल्या देशाने पाहिला होता.

त्यानंतर १९५८ साली आपल्या नागपुरात केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था सुरू झाली. १९७४ मध्ये तिचं नाव बदललं आणि आपण तिला 'नीरी' म्हणून ओळखतो. ऑटोने शहरात जाताना ती पाटी आपण कितीदा पाहतो, पण आत काय चालतं ते विचारत नाही. तिथल्या लोकांनी मोठमोठी यंत्रं बनवली असतील. आम्हाला आवडतं ते त्यांनी बनवलेलं मडकं.

खेड्यातली विहीर उघडी. तिच्यात एकदा ब्लिचिंग पावडर टाकली तर पहिल्या दिवशी वास सुटून कोणी पीत नाही आणि थोड्या दिवसांत परिणाम संपून जातो. नीरीने यावर दोन मडक्यांची युक्ती काढली. एक मडकं दुसऱ्याच्या आत. दोन्हीला एकेक सेंटीमीटरचं छिद्र, आतल्याला वर काठाजवळ, बाहेरच्याला बुडापासून चार सेंटीमीटर वर. एक किलो ब्लिचिंग पावडर आणि दोन किलो जाडी वाळू जराशी ओलवून आतल्या मडक्यात भरायची, छिद्राच्या तीन सेंटीमीटर खालपर्यंत. बाहेरच्या मडक्याचं तोंड प्लॅस्टिकने बांधायचं आणि दोराने विहिरीत सोडायचं, पाण्याखाली निदान एक मीटर, म्हणजे बादली लागून फुटत नाही. क्लोरीन त्या छिद्रांतून हळूहळू झिरपत राहतो. साधारण साडेचार हजार लिटर पाण्याच्या, रोज चारशे लिटरच्या आसपास उपसा असलेल्या घरगुती विहिरीला हे दोन-तीन आठवडे पुरतं. वीज नाही, मोटर नाही. कुंभाराचं मडकं, वाळू आणि दोर. आमच्या मते ही आपल्या जिल्ह्याने देशाला दिलेली संत्र्याएवढीच अभिमानाची वस्तू आहे, पण तिचं नाव कोणी काढत नाही. आजही जिथे विहिरीचंच पाणी आहे, तिथे टीसीएल पावडर टाकण्याचं काम ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक करतो. पाण्यात क्लोरीन उरला की नाही ते पाहायला ओटी टेस्ट असते. थेंब टाकले की पाणी पिवळं झालं पाहिजे. हे तुमच्या डोळ्यांसमोर करून दाखवायला सांगा. मागणं गैर नाही. आणि पोतं कधीचं उघडं पडलंय तेही पाहा, कारण उघड्या पोत्यातल्या पावडरीचा जोर उडून जातो.

मग आला हातपंप. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या आणि महाराष्ट्रात गावोगाव बोअर खोदले गेले. आधीचे ओतीव लोखंडाचे पंप घरगुती बेताचे. सगळं गाव त्यावर आलं की मोडायचे. जालन्याच्या आणि सोलापूरच्या मिशनच्या लोकांनी टिकाऊ पंप तयार केले. सोलापूरच्या पंपावरूनच पुढे युनिसेफच्या मदतीने 'इंडिया मार्क दोन' हा पंप घडला. तोच आपला दांडीवर लोंबकळून मारायचा पंप. जगातल्या कितीतरी गरीब देशांत तो गेला, पण त्याची मुळं आपल्या मातीतली आहेत. या पंपाने खरंच जीव वाचवले. झाकलेलं, खोल पाणी आलं, त्यात गुरं उतरत नव्हती, पालापाचोळा पडत नव्हता. आमच्या गटातल्या म्हाताऱ्या बाया सांगतात की हातपंप आला तेव्हा वाटलं, आता पाण्याची काळजी मिटली.

मिटली नव्हती. धोक्याने रूप बदललं होतं. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत खोल पाण्यातून फ्लोराइड आलं, लेकरांचे दात पिवळे-तपकिरी झाले. आणि दुसरी वस्तू आली, जिचा थेट संबंध तान्ह्या बाळाशी आहे. नायट्रेट. तिच्याबद्दल जरा जास्त बोलतो, कारण आपल्या आया-आज्यांनी शिकवलेलं शहाणपण नेमकं इथे चालत नाही.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉमली नावाचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे शेतावर राहणाऱ्या घरांतली बाळं आली, ओठ-नखं निळसर पडलेली. हृदय ठीक, फुप्फुसं ठीक. दोघांनाही वरचं दूध चालू होतं आणि ते घरच्या विहिरीच्या पाण्यात बनवलेलं होतं. १९४५ साली त्यांनी लिहून प्रसिद्ध केलं की दोष त्या पाण्यातल्या नायट्रेटचा आहे. बाळाच्या पोटात आम्ल कमी असतं. तिथले जंतू नायट्रेटचं नायट्राइट करतात आणि ते रक्तात गेलं की रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद कमी होते. मोठ्या माणसाला त्याच पाण्याने काही होत नाही, म्हणून घरात कोणाला संशय येत नाही. १९५१ साली तिथे अशा बाळांची मोजणी झाली तेव्हा २७८ बाळं आढळली, त्यांतली ३९ दगावलेली. ज्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा कमी नायट्रेट होतं, तिथे एकही बाळ निळं पडलेलं नव्हतं. आपल्या देशाची पिण्याच्या पाण्याची मर्यादाही ४५ मिलिग्रॅमच आहे.

आता त्या घरांतल्या आयांचा विचार करा. पाणी खराब असेल अशी शंका आली तर जागरूक आई काय करते? उकळते. आणखी वेळ उकळते. पण उकळण्याने जंतू मरतात, नायट्रेट मरत नाही, कारण ते जिवंतच नाही. आमटी आटली की खारट होते, तसं पाणी आटलं की त्यातलं नायट्रेट वाढतं. जी आई जास्त काळजी घेते, तिच्याच बाळाला जास्त विष जातं. हे ऐकून आमच्या एका मावशी म्हणाल्या, "म्हणजे आम्ही काय करायचं ते सरळ सांगा ना." सांगतो, पुढे सांगतो.

हे अमेरिकेचं झालं, आपल्याला काय, असं म्हणू नका. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशात नायट्रेटने सगळ्यात जास्त ग्रासलेल्या जिल्ह्यांत वर्धा, अमरावती, बुलढाणा आणि यवतमाळ आहेत. चारही आपल्या विदर्भातले, आणि वर्धा तर शेजार. नायट्रेट येतं युरियातून, उकिरड्यातून, गोठ्यातल्या मुतातून आणि संडासाच्या टाकीतून. आमच्या गावाचं तर तुम्हाला माहीतच आहे. जिथे कापूस-तूर होती तिथे बिल्डिंगा झाल्या. प्रत्येक बिल्डिंगला बोअर आणि प्रत्येकीला सेप्टिक टँक, दोन्ही एकाच कुंपणात. पाणी वर खेचायचं आणि घाण खाली सोडायची, मधे काही हातांचं अंतर. हे पाणी दिसायला नितळ आणि चवीला गोड असतं.

आता दुधाच्या डब्याकडे येऊ, कारण पाणी आणि डबा हे जोडीनेच लेकराचं वाईट करतात. सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी १९३९ साली सिंगापुरात एका भाषणात सांगितलं की गरीब आयांना डब्याच्या दुधाची भूल घालणं हा खून समजला पाहिजे. भाषणाचं नावच त्यांनी 'दूध आणि खून' ठेवलं होतं. डब्याचं दूध तिथे कसल्या पाण्यात कालवलं जातं, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. जगाला हे मानायला पुष्कळ वर्षं लागली. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने डब्याच्या दुधाच्या जाहिरातींवर आचारसंहिता आणली आणि भारताने १९९२ साली कडक कायदा केला. म्हणूनच आज टीव्हीवर साबणाची, शाम्पूची जाहिरात दिसते, पण तान्ह्या बाळाच्या डब्याची दिसत नाही. हा कायदा आपल्यासाठी झाला, हे आपल्यालाच कुणी सांगत नाही.

तर मावशींचा प्रश्न. पहिले सहा महिने बाळाला पाणी लागतच नाही. ना साधं, ना उकळलेलं, ना घुटीतलं. मधही वर्षाच्या आत नाही. आईच्या दुधात शंभरातले सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असतं. आई जास्त नायट्रेटचं पाणी पीत असली तरी ते तिच्या दुधात फारसं उतरत नाही. तिचं शरीर म्हणजे पहिल्या सहा महिन्यांचा फिल्टर.

यावर आमच्या गटात खरं भांडण झालं. सासवा एकीकडे, सुना एकीकडे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ वर जातो, कूलरसमोरही जीव घाबरतो, आणि लेकराला पाणी नाही म्हणता? हा प्रश्न चुकीचा नाही. तो शास्त्रज्ञांनाही पडला होता. १९९० च्या सुमारास आपल्याच देशातल्या उष्ण, कोरड्या भागात फक्त आईचं दूध पिणाऱ्या बाळांची लघवी तपासली गेली. पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते, पण त्या बाळांची तशी झाली नव्हती. वरून पाणी न देताही त्यांचं भागत होतं. उलट पाण्याने पोट भरलं की बाळ दूध कमी ओढतं, आणि कमी ओढलं की आईचं दूध कमी होतं. म्हणून उन्हाळ्यात पाणी प्यायचं ते आईने. बाळाला जास्त वेळा छातीशी घ्यायचं. एक सासूबाई तरी म्हणाल्याच, "आमची तर पाणी पिऊनच वाढली." वाढली ती आपल्यासमोर बसलीत, आजी. जी वाढली नाहीत, ती मोजायला कोण बसलंय?

कामावर जाणाऱ्या बाईचा प्रश्न याहून अवघड आहे. इथे बांधकामावर विटा उचलणाऱ्या बाया तिसऱ्या महिन्यात कामाला लागतात, बाळ थोरल्या बहिणीकडे. तिला "फक्त आईचं दूध" सांगणं सोपं आहे. तिच्या मुकादमाला दोन वेळची सुट्टी मागणं कुणाला जमत नाही. दूध काढून ठेवता येतं. ते कसं काढायचं आणि आपल्या उन्हाळ्यात किती वेळ टिकेल, हे आशाताईंकडून नीट समजून घ्यावं. आणि डॉक्टरांनी खरंच डबा सांगितला असेल, तर बाटलीऐवजी वाटी-चमचा, कारण बाटलीचं बूच आतून घासता येत नाही. पावडर स्वतःही जंतुविरहित नसते. म्हणून पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, चांगलं गरम असतानाच त्यात पावडर घालायची, मग कोमट करून पाजायचं. उरलेलं ठेवायचं नाही. आणि ते पाणी नायट्रेट तपासलेल्या ठिकाणचंच. बोअरमध्ये नायट्रेट जास्त निघालं तर उकळत बसू नका, पाणीच बदला. आरओ मशीन चांगलं चालत असेल तर ते नायट्रेट बरंच काढतं. पण दारात येणारा थंड पाण्याचा कॅन म्हणजे तपासलेलं पाणी, असं धरून चालू नका. बाळाचे ओठ, नखं निळसर दिसली तर घरी थांबू नका, लगेच दवाखान्यात न्या आणि बोअरच्या पाण्याचं दूध देतो हे डॉक्टरांना सांगा. त्यावर मिथिलीन ब्लू हे औषध आहे. निळ्या पडलेल्या बाळाला निळंच औषध.

सहा महिन्यांनंतर वरणाचं पाणी, पेज, मऊ भात सुरू झाला की मग पाणी आलंच. तेव्हा जुनी काळजी पुन्हा कामाची. जंतूंसाठी खळखळ उकळी आणायची आणि झाकून ठेवायचं. जुन्या पुस्तकांत दहा ते वीस मिनिटं उकळा लिहिलेलं असायचं. हंडाभर पाण्याला तेवढा गॅस कोण जाळणार? चांगली उकळी आली की पुरते, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. किंवा मेडिक्लोरचे थेंब बाटलीवर लिहिल्याप्रमाणे टाकून अर्धा तास थांबायचं. मग ओगराळं. सगळ्या जगाने एवढं केल्यावर पेला धरलेला हात माठात बुडवला की सगळं पाण्यात गेलं. लांब दांड्याचं ओगराळं आणि माठावर झाकण, एवढ्यावर पुष्कळ अडतं.

पाण्यात शेणामुताचे जंतू आहेत का, हे पाहायची एक बाटली मिळते. पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायचं, काळं झालं तर पाणी खराब. ही युक्ती ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली काढली. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवायचं ठरलंय. त्या पाच कोण, हे आपल्या गावात विचारा, आणि जागा रिकामी असेल तर गटातून नाव द्या. नायट्रेटच्या नळीत पाणी गुलाबी होतं. जितकं गडद, तितकं जास्त. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा. आपल्या वस्तीत ज्या घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ आहे आणि वरचं दूध चालू आहे, त्या घरचा बोअर सगळ्यात आधी.